ऋतुचक्राची गणना : रखमाबाईंच्या सुरतेतून

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरत शहराशी मराठी माणसाचे नाते सांगताना शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांची आठवण प्रथम निघते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या शहराशी मराठीचे आणखी एक नाते आहे. ते तलवारीचे नसून विचाराचे आहे. १८४४ साली येथे मानवधर्म सभा स्थापन झाली, तेव्हा दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने तिच्यात पुढाकार घेणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे मराठीचे व्याकरणकार होते. त्यानंतर अर्धशतकाने, १८९५ साली, एक मराठी स्त्री डॉक्टर होऊन या शहरात आली आणि १९१७ पर्यंत, म्हणजे तब्बल बावीस वर्षे, तिने येथील स्त्रियांच्या रुग्णालयात सेवा केली. तिचे नाव डॉ. रखमाबाई.

आजचा विषय स्त्रीच्या ऋतुचक्राच्या गणनेचा आहे. पाळी केव्हा येईल, स्त्रीबीज केव्हा सुटेल, गर्भधारणेचे दिवस कोणते, हे आधी कळते का, कळत असेल तर कसे, आणि कितपत भरवशाने, असा हा प्रश्न आहे. शताब्दीच्या मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येणे शक्य आहे. तथापि ज्या गोष्टी घरात मोठ्याने बोलता येत नाहीत, त्या मुकाट्याने वाचण्याची जागा म्हणजेच ग्रंथालय होय. आणि ज्या शहरात रखमाबाईंनी आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे घालवली, त्या शहरात हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

ही गणना नवी नाही. दिवस मोजणे मराठी घरात पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. पण त्या मोजणीत दोन दोष होते. एक दोष दिशेचा, दुसरा मालकीचा. दिवस चुकीच्या टोकाकडून मोजले जात होते, आणि ज्या देहाचे ते दिवस होते, त्या देहाच्या धनिणीसाठी ते मोजले जात नव्हते. पहिला दोष शास्त्राने विसाव्या शतकात दूर केला. दुसरा दोष अजून पुरता गेलेला नाही. या दोन्हींचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम मालकीचा विचार करू. मुलीला पहिल्यांदा ऋतू प्राप्त झाला, तिला ‘न्हाण आले’, की जुन्या मराठी घरात ती गोष्ट गुप्त राहत नसे. मुलीला मखरात बसवीत, ओटी भरीत, गोडधोड होई, सोयऱ्याधायऱ्यांना बोलावणे जाई. लग्न बहुधा आधीच झालेले असे. त्यामुळे या तारखेचा अर्थ सासरच्या दृष्टीने एवढाच होता, की आता गर्भाधानाचा संस्कार व्हावयास हवा. धर्मशास्त्राने ऋतुकाळाच्या सोळा रात्री सांगितल्या होत्या. मनुस्मृतीत त्यांतील पहिल्या चार, तसेच अकरावी व तेरावी निंद्य मानून उरलेल्या दहा प्रशस्त म्हटल्या आहेत; सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या होते, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे मोजणी होती, काटेकोर होती. मात्र ती वंशासाठी होती, आणि ज्या मुलीचे दिवस मोजले जात, तिला कोणी विचारीत नव्हते.

रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या घरी रखमाबाई वाढल्या, वाचू लागल्या, आणि सासरी नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जा अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगा, असा निर्णय दिला. कैद पत्करू, पण जाणार नाही, अशी भूमिका त्या तरुणीने घेतली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन हा वाद मिटला. संमतीवाचून झालेल्या विवाहाने देहावर दुसऱ्याचा हक्क प्रस्थापित होत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. पण ते एवढेसे म्हणणे त्या काळाच्या पायाखालची जमीन हलविणारे होते.

याच मंथनातून पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. सुरतेत वाढलेले बेहरामजी मलबारी यांनी त्यासाठी रान उठविले होते. कायद्याने मर्यादा फक्त दहावरून बारा वर्षांवर नेली. तरीही महाराष्ट्र ढवळून निघाला. वादाचा गाभा नेमका या तारखेतच होता. प्रथम ऋतू बारा वर्षांच्या आत आला तर सोळा रात्रींच्या आत गर्भाधान करणे कायद्याने गुन्हा ठरणार होते. परकीय सरकारने धर्मात हात घालू नये, अशी लोकमान्य टिळकांची भूमिका होती, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनांचाच आधार घेऊन विधेयकाची बाजू मांडली. दोन्हीकडे मोठे विद्वान होते. ग्रंथ उघडले जात होते, रात्री मोजल्या जात होत्या. त्या मोजणीत मुलीचा आवाज मात्र कोठेच नव्हता. जिने तो उठविला होता, ती तोवर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात शिकण्यास गेली होती.

आता दिशेच्या दोषाकडे वळू. आयुर्वेदानेही ऋतुकाळाचा विचार केला आहे. सुश्रुताने तो बारा रात्रींचा मानला, आणि दिवस मावळल्यावर कमळ जसे मिटते तसा ऋतुकाळ सरल्यावर गर्भाशय मिटतो, अशी उपमा दिली. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवीसाठी लिहिलेला प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. या जुन्या विचारात एक खरे निरीक्षण आहे. गर्भधारणा महिन्यातील सर्व दिवशी सारखी संभवत नाही, तिचा एक ठराविक काळ असतो, हे त्यांनी ओळखले होते. पण तो काळ रजोदर्शनापासून पुढे मोजला जाई आणि सर्व स्त्रियांना एकच माप लावले जाई.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यक तर याहूनही अधिक चुकले. कुत्रीसारख्या प्राण्यात माजाच्या सुमारास रक्तस्राव दिसतो. त्यावरून मानवी स्त्रीची पाळी म्हणजेच तिचा फलनकाळ, असा तर्क तेथील वैद्यांनी केला. परिणामी ज्यांना मूल नको, त्यांना चक्राच्या मधले दिवस निर्धास्त म्हणून सांगितले जाऊ लागले. वस्तुतः गर्भधारणेचा संभव सर्वाधिक असतो तो त्याच दिवसांत! ज्यांना मूल हवे होते त्यांना सल्ला मिळे तो पाळीच्या आगेमागे लक्ष ठेवण्याचा. दोघांचीही फसगत ठरलेली.

रखमाबाई १८९५ साली सुरतेत आल्या तेव्हा जगभर हेच ज्ञान प्रमाण मानले जात होते. मूल होत नाही म्हणून सासरी ‘वांझ’ ठरलेली आणि सवतीच्या धाकात जगणारी बाई त्या काळी कोणत्याही शहरातील कोणत्याही डॉक्टरकडे गेली असती, तरी योग्य दिवस कोणते, याचे बरोबर उत्तर तिला मिळाले नसते. लंडनला शिकून आलेल्या डॉक्टरच्याही हाती ते नव्हते, कारण ते अद्याप कोणालाच सापडले नव्हते. रखमाबाई १९१७ मध्ये सुरतेहून राजकोटला गेल्या. उत्तर सापडले त्यानंतर सात वर्षांनी, तेही जपानमध्ये.

निईगाता शहरातील एका रुग्णालयात काम करणारे क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली आपले निष्कर्ष जपानी भाषेत प्रसिद्ध केले; १९३० साली ते जर्मन भाषेत आले. ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी १९२८ साली स्वतंत्रपणे साधारण याच दिशेचे प्रतिपादन केले. ओगिनो यांच्या शोधाचे मर्म साधे आहे. त्यांनी मोजणीचे टोक बदलले. मागील पाळीपासून पुढे मोजण्याऐवजी पुढील पाळीपासून मागे मोजावे, म्हणजे बीज सुटण्याचा दिवस बऱ्याच नियमितपणे सापडतो, असे त्यांनी दाखविले.

असे का व्हावे, हे समजून घेतले पाहिजे. रक्तस्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस धरतात. चक्राच्या पूर्वार्धात मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे बीजकोशातील एक पुटक वाढू लागते. ते पक्व झाले की एलएच नावाच्या संप्रेरकाची पातळी एकाएकी चढते, आणि त्यानंतर सुमारे चोवीस ते छत्तीस तासांत बीज बाहेर पडते. रिकाम्या पुटकाचा मग पीतपिंड बनतो. तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो आणि गर्भाशयाचे अस्तर राखून ठेवतो. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, अस्तर गळते आणि पुढील पाळी येते. पीतपिंडाचे हे आयुष्य बहुतेक स्त्रियांत साधारण चौदा दिवसांचे असते. थोडे कमी वा अधिक, पण फार फरक पडत नाही. फरक पडतो तो पूर्वार्धात. आजारपण, काळजी, प्रवास, जाग्रण, उपासमार यांनी पुटक पक्व होण्यास वेळ लागू शकतो. म्हणून चक्र लांबते ते बहुधा पुढच्या टोकाला नव्हे, तर आरंभीच्या भागात.

याचा व्यवहारातील अर्थ पाहा. जिचे चक्र अठ्ठावीस दिवसांचे, तिचे बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटेल. पण जिचे चक्र चौतीस दिवसांचे, तिचे विसाव्या दिवसाच्या आसपास, आणि जिचे चोवीस दिवसांचे, तिचे दहाव्या दिवसाच्या आसपास. ‘चौदावा दिवस’ हे वाक्य कोठेतरी ऐकून किंवा वाचून ते सर्वांना लागू करणे म्हणजे एकाच मापाची चोळी गावातील साऱ्या बायकांना शिवण्यासारखे आहे. मूल हवे असणारे कित्येक दांपत्य त्या एका आकड्यापायी महिनेन् महिने घालवतात, आणि दोष मात्र बाईच्या कपाळी येतो.

बीज सुटल्यानंतर फार तर एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू अनुकूल स्थितीत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस गर्भधारणेचे होत. हे सहा दिवस आधी कळावेत म्हणून ओगिनो यांच्या शोधावर आधारलेली एक गणना प्रचारात आली. निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर, प्रत्येक चक्राचे दिवस लिहून ठेवावेत. सर्वांत आखूड चक्रातून अठरा वजा करावेत, सर्वांत लांब चक्रातून अकरा. समजा, एखादीची चक्रे २६, २९, २८, ३१, २७ आणि ३० दिवसांची झाली. २६ मधून १८ गेले, ८ उरले. ३१ मधून ११ गेले, २० उरले. तेव्हा तिच्यासाठी आठव्यापासून विसाव्यापर्यंतचे दिवस गर्भधारणेच्या दृष्टीने संभाव्य मानावयाचे. सहा दिवसांसाठी तेरा दिवसांचे कुंपण घालावे लागले, कारण पुढचे चक्र मागच्यांपैकी कोणासारखे असेल, हे आज कळत नाही. गणनेचा प्रामाणिकपणा या रुंद कुंपणातच आहे.

देहाच्या खुणाही साहाय्यास येतात. बीज सुटल्यानंतर सकाळच्या विश्रांत अवस्थेतील तापमान अर्ध्या अंशाहून कमी, पण स्पष्ट चढते. मात्र ही खूण घटना घडून गेल्यावर मिळते. बीज सुटण्याआधी योनिमार्गातील स्राव पातळ, निसरडा आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा होतो. १९५० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियातील बिलिंग्ज दांपत्याने याच खुणेवर आपली पद्धत उभारली. आता लघवीतील एलएच ओळखणाऱ्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. त्या घटनेच्या एक-दीड दिवस आधी सूचना देतात.

शास्त्राने दिशा सुधारली. पण ती गणना कोणाच्या हाती गेली, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि त्याची कथा महाराष्ट्रातून जाते. विल्सन कॉलेजात गणित शिकविणारे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांनी खटले सोसले, नोकरी गमावली. पण देहाविषयीचे ज्ञान हे सामान्य माणसाचे, आणि विशेषतः स्त्रीचे आहे, हा आग्रह सोडला नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. त्या संभाषणाचा वृत्तांत लिहिणारे महादेवभाई देसाई हे याच सुरत जिल्ह्यातील सरस गावचे. कृत्रिम साधने गांधीजींना मान्य नव्हती. परंतु ‘सुरक्षित काळा’च्या पद्धतीत निदान काही दिवस तरी संयम करावा लागतो, म्हणून ती त्यांना इतरांइतकी त्याज्य वाटली नाही.

या विचाराचा प्रभाव स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या धोरणावर दिसतो. १९५१ साली सरकारच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठविले. दिल्लीची लोदी वसाहत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे दिवस मोजण्याच्या पद्धतीचे प्रयोग झाले. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांसाठी रंगीत मण्यांची माळ करण्यात आली. रोज एक मणी सरकवावयाचा; हिरवा मणी म्हणजे निर्धास्त दिवस, तांबडा म्हणजे संभाव्य गर्भधारणेचा. त्या माळेच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात त्या ऐकून प्रथम हसू येते. अंधाऱ्या घरात रात्री रंग कळेनात, म्हणून मण्यांचे आकार निराळे करावे लागले. काहींनी माळेलाच ताईत मानले. ती जवळ असली की झाले, अशी त्यांची समजूत. काहींना ती गळ्यात घालण्याची लाज वाटे, कारण माळ पाहणाऱ्या साऱ्यांना त्या दिवसाचा अर्थ कळे.

या शेवटच्या हकिकतीवर हसू थांबावयास हवे. त्या बायका अडाणी नव्हत्या. आपल्या देहाचा हिशेब चारचौघांत मिरविण्यास त्यांनी नकार दिला होता. माळ शहाण्या हेतूने केलेली होती, पण ती सरकारच्या लोकसंख्येच्या चिंतेतून आलेली होती. शिवाय मणी सरकविणारी जरी बाई असली, तरी तांबड्या मण्याच्या रात्री ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तिला घरात होता कोठे? तिची मोजणी कितीही अचूक असो, नवऱ्याने ऐकले नाही तर ती व्यर्थच. म्हणजे प्रश्न फिरून तेथेच आला, जेथे १८८४ साली रखमाबाईंनी तो उभा केला होता.

पुढे २००० च्या सुमारास अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या संस्थेने बत्तीस मण्यांची सुधारलेली माळ केली. भारतात ती ‘माला चक्र’ या नावाने आली. ज्यांची चक्रे नियमाने २६ ते ३२ दिवसांची आहेत, केवळ त्यांच्यासाठीच ती आहे. आठवा ते एकोणिसावा दिवस तीत संभाव्य मानले आहेत. काटेकोर पाळली तर वर्षभरात शंभरांपैकी सुमारे पाच स्त्रियांना दिवस राहतात. नित्याच्या ढिलाईसह पाहिले तर सुमारे बारांना. हे आकडे स्पष्ट सांगणे कर्तव्य आहे. मूल मुळीच नको असेल, तर केवळ मोजणीवर विसंबणे धोक्याचे आहे, आणि त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे हेच शहाणपणाचे.

आता वर्तमानाकडे पाहू. मराठी घरात ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका १९७३ पासून भिंतीवर आहे, आणि तिच्या चौकटींत दुधाच्या हिशेबाशेजारी एखादी बारीक फुली किंवा टिंब असते. ते कशाचे, हे घरातील बायकांना ठाऊक असते. त्या फुलीचा उपयोग मात्र पुष्कळदा एवढाच होतो की गौरी-गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला किंवा भाचीच्या लग्नात ‘अडचण’ येणार की नाही, हे आधी कळावे. अडचण येणार असे दिसले, की औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणावयाच्या, त्याही डॉक्टरांना न विचारता. ज्यांना रक्तात गुठळ्या होण्याचा धोका आहे, त्यांना या गोळ्या अपायकारक ठरू शकतात. शिवाय त्या महिन्याची गणना अर्थशून्य होते. बाईने स्वतःच्या हाताने केलेली खूण अजूनही देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या सोयीने वाचली जाते, ती तिच्या प्रकृतीच्या दृष्टीने वाचली जात नाही.

खुणेची मालकी दुसऱ्याकडे गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण याच राज्यात घडले. फेब्रुवारी २०२० मध्ये भूज येथील एका वसतिगृहात पाळीचे नियम मोडल्याच्या संशयावरून साठांहून अधिक विद्यार्थिनींना अंतर्वस्त्रे उतरवून तपासण्यात आले. पाळी आलेल्या मुलींनी नाव लिहावे म्हणून तेथे नोंदवही ठेवली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. नोंदवही होती, तारखा होत्या. पण ती वही मुलींची नव्हती.

नव्या पिढीने दिनदर्शिका सोडून मोबाईलमधील ॲप जवळ केले आहे. सोय मोठी आहे. बेरीज-वजाबाकी यंत्र करते. परंतु यंत्राचे भाकीत मागील नोंदींच्या सरासरीवरच उभे असते. ज्योतिष त्यालाही येत नाही. आणि मालकीचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. २०२१ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशाच एका लोकप्रिय ॲपच्या कंपनीवर, स्त्रियांची आरोग्यविषयक माहिती परस्पर इतर कंपन्यांना पुरविल्याबद्दल कारवाई केली. सुरतेच्या उधना-लिंबायतसारख्या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे एका खोलीत राहतात. घरातील एकच मोबाईल सर्वांच्या हाती फिरतो. अशा घरातील मुलीला ॲपपेक्षा दप्तरातील चार आण्यांच्या वहीचे शेवटचे पानच अधिक सुरक्षित.

त्या पानावर काय लिहावे? स्राव सुरू झाल्याची तारीख, थांबल्याची तारीख, त्रास झाला असल्यास तो एका शब्दात. एवढे पुरे. प्रौढ स्त्रीचे चक्र २४ ते ३८ दिवसांचे असणे स्वाभाविक मानले जाते. न्हाण आल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि पाळी जाण्याच्या सुमारास ते वेडेवाकडे होतेच. मात्र चक्र सतत याहून आखूड किंवा लांब राहू लागले, स्राव आठ दिवसांपेक्षा अधिक टिकला, तीन महिने पाळी आली नाही, अथवा पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?’ बाळंतपणाची तारीखही त्याच दिवसापासून २८० दिवस धरून काढतात. ‘नवरात्राच्या आसपास’ असे उत्तर देणारी बाई आणि वही उघडून तारीख सांगणारी बाई, यांच्या उपचारांत फरक पडतो.

मूल हवे असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. योग्य दिवस साधूनही वर्षभरात गर्भ राहिला नाही, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत राहिला नाही, तर तपासणी करून घ्यावी, ती दोघांचीही. पुरुषाची तपासणी अधिक सोपी आहे, आणि तरीही बहुतेक घरांत ती शेवटी होते. सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या, या वचनाला शास्त्राचा आधार नाही. अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते, तारखेवर नव्हे. मुली झाल्या म्हणून सुनेच्या तारखा सासूने मोजण्याची प्रथा त्यामुळे केवळ क्रूरच नव्हे, तर निरर्थकही आहे.

रखमाबाई १९५५ पर्यंत जगल्या. ओगिनो यांचा शोध, कर्व्यांचे मासिक, रामनगरमची माळ, हे सारे त्यांच्या हयातीत घडून गेले. त्यांच्या आयुष्याचा धडा या विषयाला थेट लागू पडतो. देहाविषयीचे ज्ञान आणि देहावरचा अधिकार या दोन गोष्टी जोडीनेच यावयास हव्यात. अधिकार नसेल तर अचूक गणनाही दुसऱ्याच्या कामी येते. आणि ज्ञान नसेल तर अधिकार असूनही बाई अंधारात चाचपडते.

ग्रंथालयाच्या शंभर वर्षांच्या नोंदवह्या येथे जपून ठेवलेल्या आहेत. कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले आणि केव्हा परत केले, हे त्यांतून कळते, कारण कोणीतरी रोज नेमाने तारीख घातली. त्याच नेमाची ही छोटी वही प्रत्येक मुलीजवळ असावी आणि ती तिच्यावाचून कोणी उघडू नये. आश्रयदात्यांना एवढीच विनंती, की स्त्रीच्या शरीरविज्ञानावरील चांगली मराठी पुस्तके ग्रंथालयाने आवर्जून घ्यावीत, आणि ती कुलूपबंद कपाटात न ठेवता उघड्या मांडणीवर ठेवावीत. खानदेशातून आलेल्या एखाद्या कामगाराच्या मुलीला ते पुस्तक कोणालाही न विचारता हाती घेता आले, तर रखमाबाईंच्या शहरातील या ग्रंथालयाची दुसरी शंभरी चांगली सुरू झाली, असे म्हणता येईल.